उजळणीचा दिवस कोणी ठरवायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात बाहेरगावचा वक्ता येतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की एक संध्याकाळ आपल्यातल्याच कोणी बोलावे, आणि बोलावे तर स्वतः केलेल्या कामाबद्दल. म्हणून आम्ही तिघे. उभा एक आहे, पण कागद तिघांनी मिळून लिहिला आहे, त्यामुळे 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. तिघेही पदविकाधारक, तिघेही राज्य सरकारच्या नोकरीत, तिघांनीही चाळिशी ओलांडलेली. दोघे पाणीपुरवठ्याकडे उपयंत्री, एक बांधकाम विभागात. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांसाठी सांगतो, तुमच्याकडचा कनिष्ठ अभियंता तो आमचा उपयंत्री.

विषय परीक्षेच्या अभ्यासाचा आहे. मुलांनी लगेच माना खाली घालू नयेत, परीक्षा आमची होती.

ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणून केंद्र सरकारची एक संस्था आहे. पंख्यावर, फ्रिजवर तारे असलेली पट्टी असते ना, ती हिचीच. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ती उभी राहिली. ही संस्था 'ऊर्जा व्यवस्थापक' नावाची प्रमाणपत्र परीक्षा घेते. पदविका आणि सहा वर्षांचा अनुभव असला की बसता येते. तीन पेपर: पहिला सर्वसाधारण, दुसरा उष्णतेचा म्हणजे बॉयलर, वाफ, भट्ट्या यांचा, तिसरा विजेचा, ज्यात मोटर, पंप, पंखे, कॉम्प्रेसर येतात. चौथाही पेपर आहे, पण तो ऊर्जा लेखापरीक्षकाचा, पदवीवाल्यांचा. आम्ही तीनच दिले.

ही परीक्षा कशाला, असे घरच्यांनीही विचारले. पगार वाढत नाही, बढतीही लगेच मिळत नाही. कारण दुसरे होते. २०२२ च्या जुलैत आपला बुऱ्हाणपूर जिल्हा देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. २५४ गावे. त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे, आम्हाला जरा जास्तच. पण नळ घरात आला म्हणजे काम संपले असे नाही. पाणी वर चढवायला पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि विजेचे बिल दर महिन्याला पंचायतीच्या दारात येते. बिल थकले की जोडणी तुटते, आणि जोडणी तुटली की नळ कोरडा.

एक हिशेब सांगतो. सेकंदाला १० लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायचे तर पाण्याला स्वतःला लागणारी शक्ती ४.९ किलोवॅट. यात कोणीही फेरफार करू शकत नाही, ते निसर्गाचे देणे. पण पंप ६० टक्के कार्यक्षम आणि मोटर ८५ टक्के असेल, तर मीटरवर ९.६ किलोवॅट दिसतात. तोच पंप झिजून ४५ टक्क्यांवर आला तर १२.८. दिवसाला सहा तास चालवला तर वर्षाला फरक सुमारे ७,००० युनिट. पाणी तेवढेच, गाव तेच, आणि ७,००० युनिटांचे पैसे नुसते पंपाच्या झिजलेल्या पंख्यात गेले. हे मोजून दाखवणारा माणूस आपल्याकडे असावा, एवढी साधी इच्छा होती. अधिकाऱ्यापुढे किंवा सरपंचापुढे हा हिशेब मांडायचा तर तोंडी सांगून भागत नाही. हातात प्रमाणपत्र असले की पदविकावाल्याचेही ऐकून घेतात.

तर पुस्तके आणली. ब्यूरोचीच आहेत, जाडजूड, इंग्रजीत. कॉलेज सोडून वीसेक वर्षे झालेली. दिवसभर साइट, संध्याकाळी फोन, कारण नळाला पाणी आले नाही की लोक आमच्याच नंबरवर फोन करतात. रात्री दहाला पुस्तक उघडायचे. वाचताना सगळे समजायचे. चार दिवसांनी तेच पान परक्या गावच्या रस्त्यासारखे. तिघांच्याही घरी एकच वाक्य ऐकू यायचे: वय झाले आता, राहत नाही डोक्यात.

या वाक्यावर आम्ही आज मुख्यतः बोलणार आहोत, कारण ते या मांडवातल्या निम्म्या लोकांनी स्वतःबद्दल म्हटलेले आहे.

मंत्रपुष्पांजलीचे उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी सुरुवात खणखणीत होते, मधे आवाज खाली जातो, पुटपुटणे सुरू होते, आणि शेवटच्या ओळीला पुन्हा सगळे जोरात. सकाळ-संध्याकाळ दहा दिवस म्हटल्यावर अनंत चतुर्दशीपर्यंत लहान मुलांचीही पाठ होते. आणि पुढच्या वर्षी? पुन्हा पुटपुटणे, त्याच जागी. यात वयाचा संबंध नाही, पंधरा वर्षांचा मुलगाही तिथेच अडखळतो. दहा दिवसांत वीस वेळा आणि मग साडेअकरा महिने एकदाही नाही, या वेळापत्रकाचा तो परिणाम आहे. तीच वीस आवर्तने वर्षभरात विभागली असती, आधी लवकर लवकर आणि मग लांब लांब, तर पुढच्या चतुर्थीला कागद लागला नसता.

हे आमचे डोके नाही. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाचे अभ्यासक होऊन गेले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचे. १८८५ साली त्यांनी ते छापले. एका दिवसानंतर श्रमाची बचत जेमतेम एक-तृतीयांश उरली होती, महिन्यानंतर एक-पंचमांशाच्या आसपास. म्हणजे विसरणे पहिल्या दिवशीच सपाट्याने होते, नंतर त्याचा वेग मंदावतो. त्यांनी हे काम सुरू केले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते, हेही लक्षात असू द्या.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ चा, अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होते, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचताना आपल्याला येते असे वाटते, ते वाटणे फसवे असते. डोळ्यांपुढे पान आहे म्हणून ओळख पटते, एवढेच.

आता आपल्या घरातले. आमच्यापैकी एकाच्या आईला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळे येते. औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलांनी हा शब्दही ऐकला नसेल. लोक म्हणतात, जुन्या लोकांची स्मरणशक्तीच तशी. आम्ही त्यांना विचारले, तर उत्तर वेगळे मिळाले. शाळा सुटताना परवचा व्हायचा, तो ठीकच. पण शाळा सुटल्यावरही आठवड्याच्या बाजारात, दुधाच्या हिशेबात, शेतमजुरीच्या वाटपात पावणेदोन रुपयांनी साडेतीन शेर असे प्रश्न येतच राहिले. बाजार विचारत होता म्हणून राहिले. त्याच बाईंना शाळेत पाठ केलेले देशोदेशीच्या राजधान्यांचे कोष्टक आज अजिबात आठवत नाही, कारण ते पुन्हा कोणी विचारलेच नाही.

आपल्या चांदनीचेच बघा. २०२१ च्या मे महिन्यात पुष्पक एक्सप्रेस वेगात गेली आणि स्टेशनच्या इमारतीचा पुढचा भाग ढासळला. इथे असा एकही माणूस नाही ज्याला हे सांगता येत नाही. कोणी पाठ केले होते का? नाही. पण त्या आठवड्यात दहा वेळा सांगितले, महिन्याने नातेवाइकांना फोनवर सांगितले, दिवाळीला पाहुण्यांना सांगितले, आणि अजून कोणी नवा माणूस आला की सांगतोच. ज्यांनी तो धडाका स्वतः ऐकला नव्हता तेही सांगतात!

म्हणजे आयुष्य ज्याबद्दल विचारत राहते ते डोक्यात राहते. आमची अडचण अशी की एका किलोवॅट-तासाच्या ८६० किलोकॅलरी होतात हे आम्हाला बाजारात कोणी विचारत नाही. त्यामुळे विचारणारा नेमावा लागला.

तो आमच्या फोनमध्ये आहे. नाव 'आंकी', जपानी शब्द आहे, अर्थच मुळी पाठांतर. २००६ पासून आहे, डेमियन एल्म्स या प्रोग्रामरने सुरू केलेला. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कल्पना त्याहून जुनी. झेबास्टियान लाइटनर या लेखकाने १९७२ मध्ये कप्प्यांच्या खोक्याची रीत सांगितली होती. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आले तर कार्ड पुढच्या कप्प्यात, तो उशिरा उघडायचा. चुकले तर परत पहिल्या कप्प्यात. १९८७ मध्ये पोलंडच्या पिओटर वोझ्नियाकने हा हिशेब संगणकाकडे दिला. आंकी त्याच घराण्यातला.

काम साधे आहे. फोन प्रश्न दाखवतो. आपण उत्तर मनात, शक्यतो तोंडाने, द्यायचे. मग उत्तर उघडायचे आणि चारपैकी एक बटण दाबायचे: अगेन, हार्ड, गुड, ईझी. तुमच्या बटणावरून तो पुढची तारीख ठरवतो. बरोबर येत गेले तर साधारण एका दिवसाने, मग तीन, मग आठवडा, मग वीस दिवस, मग दीड-दोन महिने, असे अंतर वाढत जाते. चुकले की पुन्हा जवळ येते. प्रत्येक कार्डाची तारीख वेगळी. हे वहीत ठेवायचे म्हटले तर कारकून ठेवावा लागेल.

आपल्याकडे शब्द किती नेमका आहे बघा: उजळणी. चतुर्थीच्या आधी आपण समया आणि तबके चिंचेने घासतो ते काळवंडली म्हणून. चकचकीत तबक पुन्हा घासण्यात श्रम वाया, आणि पार हिरवे पडू दिले तर हात दुखेपर्यंत घासावे लागते. काळवंडायला लागते त्या सुमारास हात फिरवला की काम थोडक्यात होते. आंकी हा दिवस ओळखायचा प्रयत्न करतो. बाकी त्याच्यात जादू काही नाही.

खरी मेहनत कार्डे करण्यात आहे. तयार कार्डे उतरवून घेता येतात, पण आमचे मत विरुद्ध आहे. दुसऱ्याने केलेले कार्ड म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. स्वतः कार्ड करताना 'यात विचारण्यासारखे नेमके काय' हे ठरवावे लागते, तिथेच अर्धा अभ्यास होतो. एका कार्डावर एकच गोष्ट. 'पंपाची वीज वाचवायचे उपाय लिहा' असे कार्ड केले तर नऊपैकी सहा आठवतात, मग बटण कोणते दाबायचे? त्याऐवजी 'गरजेपेक्षा मोठा पंप बसला आहे, व्हॉल्व्ह न आवळता काय करता येईल?' उत्तर: इंपेलर छाटणे. एक प्रश्न, एक उत्तर, पाच सेकंद.

भाषेची गंमत वेगळीच. आमचे ऑफिस हिंदीत, घर मराठीत, पुस्तक इंग्रजीत. सुरुवातीला कार्डे पुस्तकातल्या इंग्रजी वाक्यांची होती. ती तोंडपाठ व्हायची आणि अर्थ कळायचा नाही. मग प्रश्न मराठीत आणि उत्तर इंग्रजी संज्ञेत, असे केले. 'मोटरने घेतलेली वीज आणि पाण्याला मिळालेली शक्ती यांचे प्रमाण काय म्हणवते?' असे घरच्या भाषेत विचारले की आधी गोष्ट डोळ्यांपुढे येते, मग नाव. परीक्षेला नाव लागते, पण नुसते नाव किती टिकणार?

बटणांबद्दल एक सूचना, कारण नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही. उत्तर आले नसेल तर 'अगेन'च दाबायचे. 'हार्ड' म्हणजे आले, पण कष्टाने. लाज वाटते म्हणून विसरलेल्या कार्डावर 'हार्ड' दाबले तर फोन समजतो की आले, आणि तारीख पुढे ढकलतो. तिथे कोणी मास्तर बघत नसतो, तरी माणूस स्वतःशीच गुण वाढवून घेतो. आमच्यापैकी दोघे रात्री एकमेकांना फोनवर विचारायचे, त्यामुळे ही सूट कोणाला मिळाली नाही.

रोज २० नवी कार्डे असा आकडा त्यात आधीच घातलेला असतो. नोकरदाराने तो दहावर आणावा. नवी कार्डे वीस म्हणजे पुढे रोजची उजळणी दीडशेच्या घरात जाते, आणि आपली उन्हाळ्यातली परिस्थिती तुम्ही जाणताच. आमचा अभ्यास चालू असताना निवडणुकीचे काम लागले. प्रशिक्षण, मतदान केंद्र, यंत्रे, परत जमा. बारा-तेरा दिवस फोनमध्ये डोकावता आले नाही. उघडले तेव्हा सहाशेवर कार्डे वाट बघत होती. हा आकडा बघून पुष्कळ लोक अ‍ॅपच काढून टाकतात. आम्ही नवी कार्डे बंद ठेवली, रोज शंभरच्या वर घ्यायचे नाही असे ठरवले, आठ-दहा दिवसांत रांग संपली. गावात पाणी तुटले तर दुसऱ्या दिवशी एकदम सगळ्या टाक्या भरत नाहीत, पाळ्या लावाव्या लागतात, तसेच.

आता याने काय होत नाही, तेही सांगायला हवे, नाहीतर आज मुले घरी जाऊन म्हणतील की वही-पेन्सिल नको, फोन द्या.

जुन्या प्रश्नपत्रिका बघितल्या तर १५० पैकी ५० गुण एका-एका गुणाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांना, उरलेले १०० लिहून, गणिते सोडवून. कार्डांनी पहिला भाग सावरतो आणि दुसऱ्या भागाला सूत्रे पुरवतो. गणित मात्र कागदावरच करावे लागते.

पंपाचाच एक नियम आहे: वेग कमी केला की शक्ती घनाच्या प्रमाणात घटते. वेग ८० टक्के, तर शक्ती सुमारे ५१ टक्के, निम्मीच! हे कार्ड आम्हा तिघांचे पहिल्या आठवड्यात पक्के झाले. मग आपल्याच एका योजनेवर लावून बघितले आणि गाडी अडली. कारण हा नियम शोभतो तो पाणी मुख्यतः पाइपांच्या घर्षणाविरुद्ध ढकलायचे असते तिथे. आपल्या गावांत पंपाचे बहुतेक काम असते विहिरीतून किंवा बोअरमधून उंच टाकीपर्यंत चढवणे. ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही. वेग फार उतरवला तर पंप फिरत राहील आणि टाकीत थेंब पडणार नाही. म्हणून आम्ही दुसरे कार्ड केले: 'घनाचा नियम कुठे लावायचा नाही?' हे कार्ड कोणत्याही तयार संचात मिळाले नसते.

बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास, रहीम खानखाना सुभेदार असतानाचे काम. सातपुड्याच्या पायथ्याचे जमिनीखालचे पाणी उतारा-उताराने शहरात आणले, एक युनिट वीज नाही. ज्यांनी ते केले त्यांना उंचीचा अर्थ कळला होता, सूत्र पाठ असो वा नसो.

आणि दुसऱ्या पेपराचा बॉयलर. आम्ही पाण्याची आणि रस्त्यांची माणसे, बॉयलर कधी हाताळलेला नाही. नेपाची चिमणी लहानपणापासून दुरून बघितली, एवढीच ओळख. 'ब्लोडाउन' या शब्दाचे कार्ड सात वेळा 'अगेन' झाले. शेवटी मिलच्या बॉयलर विभागातून निवृत्त झालेले आपल्या मंडळाचेच एक काका आहेत, त्यांच्या ओसरीवर चार रविवार बसलो. त्यांनी चहाच्या पातेल्यावरून सांगितले: पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, घट्ट होत जातात, म्हणून थोडे पाणी मधूनमधून सोडून द्यावे लागते. पण ते गरम पाणी आहे, सोडले तितकी उष्णता गेली, म्हणून गरजेपुरतेच. त्यानंतर ते कार्ड पुन्हा चुकले नाही. समजावले काकांनी, टिकवले कार्डाने. काकांना आज पुढे बसायला सांगितले होते, ते मागेच बसले आहेत.

निकालाचे विचारणारच तुम्ही. दोघांचे तिन्ही पेपर सुटले. तिसऱ्याचा बॉयलरचा पेपर राहिला, तो पुढच्या वेळी देणार आहे. सुटलेले दोन पुन्हा द्यावे लागत नाहीत. त्याची रोजची कार्डे आता पंचवीस-तीसच येतात, चांदनीहून गाडी सुटून खंडव्याला पोहोचेपर्यंत होऊन जातात. उरलेला वेळ तो गणितांना देतो.

परीक्षा झाल्यावर आम्ही दोघांनी कार्डे पुसली नाहीत. दोन पंचायतींच्या पंपांची मोजणी झाली आहे, त्यात एका ठिकाणी पंप बदलायचा प्रस्ताव गेला आहे. सरपंचांनी बैठकीत विचारले तेव्हा ८६० आणि ७४६ साठी कागद काढावा लागला नाही.

ज्या मुलामुलींना हे शिकायचे असेल त्यांनी उद्या आरतीनंतर मांडवाच्या डाव्या बाजूला फोन घेऊन यावे, सोबत एक वही आणि स्वतःच्या पुस्तकातला एक धडा. मोठ्यांनीही यावे. मंत्रपुष्पांजलीची कार्डे आम्ही आधीच केली आहेत, एकेका ओळीचे एक. ज्यांना हवी त्यांना देऊ. त्यातल्या पहिल्या कार्डाची तारीख परवाची पडेल, आणि नीट चालवली तर शेवटची उजळणी साधारण पुढच्या श्रावणात.